शिकारी पक्ष्यांची शारदीय खानेसुमारी व मोहाडीचें आकाश

इतिहाससंशोधनाचा पहिला दंडक असा कीं, कागद नाहीं तर पुरावा नाहीं. या दंडकामुळें कांहीं प्रवासी आमच्या अभ्यासांतून सर्वस्वी सुटले आहेत. ते दरवर्षीं आश्विन-कार्तिकांत उत्तरेकडून येतात, डोंगर व नद्या ओलांडतात, आणि कोणत्याहि नाक्यावर जकात न देतां पुढें जातात. भोवत्या, खरूची, बहिरी ससाणा, मीनखाई घार हे ते प्रवासी होत. त्यांची मोजदाद मनुष्यानें कशासाठीं व कोणत्या रीतीनें केली, आणि तिनें काय सिद्ध झालें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

उदाहरणासाठीं आम्ही मोहाडीचा परिसर घेतों. भंडाऱ्याहून तुमसरकडे जातांना लागणारें हें तालुक्याचें गांव वैनगंगेच्या खोऱ्यांत आहे. धानाची कापणी सुरू झाली कीं बांध्यांतील उंदीर व किडे उघडे पडतात. त्यांवर भोवत्या अगदीं खालून घिरट्या घालतो व खरूची एका जागीं पंख फडफडवीत अधांतरीं राहते. घार व शिक्रा मात्र येथें बारमाही दिसतात. तेव्हां घरचा कोण व पाहुणा कोण हें ओळखणें, ही मोजणाराची पहिली परीक्षा होय. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयांतील ई. ए. डी'आब्रू यांनीं मध्यप्रांतांतील पक्ष्यांची यादी तयार केली, ती इ. स. १९३५ मध्यें मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या नियतकालिकांत छापली गेली. परंतु यादीवरून कोणता पक्षी मिळतो हें कळतें; किती मिळतो हें कळत नाहीं. नामावळी व खानेसुमारी या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत.

शिकारी पक्ष्यांकडे आमच्या पूर्वजांचें लक्ष नव्हतें असें नाहीं. कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वरानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत रचिलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत श्येनविनोदास स्वतंत्र स्थान आहे. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांतहि शिकारखान्याची गणना होते. मात्र तेथें हिशेब होता तो हातीं आलेल्या जिनसांचा. आकाशांतून मोकळा जाणारा पक्षी कोणाच्याच मालकीचा नसल्यामुळें तो कोणाच्याच वहींत आला नाहीं.

त्या मोकळ्या पक्ष्याची पद्धतशीर वही अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया प्रांतीं सुरू झाली. तेथील एका डोंगरावर शरद्ऋतूंत बंदूकवाले जमत व दक्षिणेकडे जाणाऱ्या ससाण्यांची व गरुडांची हत्या करीत. इ. स. १९३४ मध्यें रोझली एज या बाईंनीं तो डोंगर भाडेपट्ट्यानें घेतला व मॉरिस ब्राउन यांस रखवालीस बसविलें. रखवाली करतां करतां ब्राउन यांनीं रोजची मोजणी टिपली. डोंगराच्या धारेवर आदळून वर चढणाऱ्या वाऱ्याचा आधार घेत हे पक्षी धारेधारेनें जातात, म्हणून एका जागीं बसून त्यांची गणना साधते.

या वहीचें महत्त्व पुढें कळलें. इ. स. १९३५ ते १९३९ या काळांत तेथें दिसलेल्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडांपैकीं शेंकडा ४० कोवळ्या वयाचे होते. १९५५ ते १९५९ मध्यें हें प्रमाण शेंकडा २० वर आलें. मोठे गरुड दिसत होते, पण त्यांची प्रजा खुंटत होती. रेचल कार्सन यांनीं डी.डी.टी.सारख्या कीटकनाशकांविरुद्ध १९६२ सालीं जें पुस्तक लिहिलें, त्यांत हे आंकडे साक्षीस उभे राहिले.

आमच्या देशांतील दाखला गिधाडांचा. तीं शरदांतील प्रवासी नव्हेत. पण गणनेचा न्याय तोच. मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या अभ्यासकांनीं इ. स. १९९१ ते १९९३ मध्यें रस्त्यांनीं फिरून शिकारी पक्ष्यांची मोजणी केली. पुढें त्याच मार्गांवर पुनः मोजणी होतां, १९९२ च्या मानानें २००७ पर्यंत पांढऱ्या पाठीचें गिधाड हजारांत एक एवढेंच उरलें असें ठरलें. गुरांस देण्यांत येणारें डायक्लोफेनॅक हें औषध मृत जनावरांतून गिधाडांच्या पोटांत जाऊन त्यांचे मूत्रपिंड निकामी करतें, हें २००४ मध्यें प्रसिद्ध झालें, व २००६ मध्यें भारतांत त्याच्या पशुवैद्यकीय वापरास बंदी झाली. पहिली मोजणी नसती तर दुसरीस अर्थ नव्हता.

आतां खऱ्या प्रवाशाकडे वळूं. अमूर ससाणा पूर्व सैबेरिया व उत्तर चीन येथून निघून दक्षिण आफ्रिकेकडे जातो. नागालँडांत दोयांग जलाशयापाशीं इ. स. २०१२ च्या शरदांत तो जाळ्यांत धरून लाखांनीं मारला जात असल्याचें उघडकीस आलें. उघड करणाऱ्या चौघांत शशांक दळवी हे एक होते. पांगती व आसपासच्या गांवकऱ्यांनीं पुढच्याच वर्षीं ही हत्या थांबविली. नोव्हेंबर २०१३ मध्यें तीन पक्ष्यांवर उपग्रहाशीं संधान ठेवणारीं यंत्रें बसवून त्यांस नागा, वोखा व पांगती अशीं नांवें दिलीं. भारतीय द्वीपकल्प व अरबी समुद्र ओलांडून ते आफ्रिकेस जातात हें त्यांवरून दिसलें. लोणावळ्याच्या माळावरहि हे ससाणे वाटेंत थांबलेले आढळतात. तथापि यंत्र एका पक्ष्याचें चरित्र सांगतें, सबंध जमातीची संख्या सांगत नाहीं. इतिहासांत बखर व जमाखर्च दोन्ही लागतात, तसेंच हें आहे.

मोहाडीच्या सपाट मुलुखांत डोंगराच्या धारेवरील रीत चालणार नाहीं. परंतु भोवत्ये सायंकाळीं गवतांत थव्यानें जमिनीवर उतरतात. ते उतरतांना मोजणें शक्य आहे. जागा तीच, प्रहर तोच, महिने तेच, व संशयित पक्ष्यांस निराळा रकाना, एवढे नियम पुरेत. ज्या दिवशीं एकहि पक्षी आला नाहीं, त्या दिवशींहि 'निरंक' असें लिहून तारीख घालावी. कोऱ्या पानावरून मोजणाराची गैरहजेरी कळते, निरंकावरून पक्ष्याची.

मोहाडी-आंधळगांवच्या विणकरांस कोशाच्या धाग्याधाग्याचा हिशेब ठाऊक असतो; बांधावरच्या पाहुण्यांचा हिशेब ठेवणें त्यांच्या गांवास अवघड नाहीं. अशी वही ज्या शाळेनें वा वाचनालयानें वीस वर्षें राखिली, तिनें एक अस्सल साधन निर्माण केलें असें आम्ही समजूं. पुढील संशोधकास तें लागेल तेव्हां मागें जाऊन लिहितां येणार नाहीं.