नाईक: हुद्द्याचे आडनाव

श्रीपाद नाईक १९९९पासून उत्तर गोव्याचे खासदार. समीर नाईक त्याच गोव्याचा फुटबॉलपटू. धेंपो संघाच्या बचावफळीत महेश गवळीच्या जोडीने खेळला, भारताकडूनही खेळला. आणि पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा वर्षे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री. लातुरात कोणासमोरही ही तीन नावे घ्या, पहिला प्रश्न येईल, "एकमेकांचे कोण लागतात?" आपल्याकडे पाहुणपण आडनावावरूनच काढतात. नाईक या आडनावाने मात्र ना पाहुणपण लागते, ना जात कळते. मला हे आडनाव त्यासाठीच आवडते.

संस्कृत 'नायक' हे त्याचे मूळ आणि त्याच्याही मुळाशी 'नी' हा धातू, म्हणजे नेणे. 'नेता' आणि 'नीती' हे शब्दही त्याच धातूचे. म्हणजे नाईक हे मुळात नाव नव्हे, काम. शिवकाळात नऊ-दहा पाइकांवर एक नाईक असे आणि पाच नाइकांवर एक हवालदार. हेरखात्याचे बहिर्जी नाईक तेव्हाचेच. इंग्रजांशी झुंजलेले आणि १८३२ साली पुण्यात फाशी गेलेले उमाजी नाईक रामोशी समाजातले. भारतीय लष्करात आजही हवालदाराच्या खालचा हुद्दा 'नायक'च आहे. हुद्दा एक, तो मिरवणारी घराणी अनेक.

जाधवांचे तसे नाही. यात्रेची जत्रा झाली, योग्याचा जोगी झाला, त्याच वाटेने यादवाचा जाधव झाला. शब्दाच्या आरंभीचा 'य' प्राकृतात 'ज' होतो. आपल्या मराठवाड्यातल्या देवगिरीच्या यादवांची आठवण या आडनावात आहे. त्यात हुद्दा नाही, वंश सांगितलेला आहे. अहमदपूरचे माजी आमदार विनायकराव जाधव-पाटील आणि २०१७ साली सतरा वर्षांखालच्या फुटबॉल विश्वचषकात खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव यांचे आडनाव एक. कानपूरचा फुटबॉलपटू अभिषेक यादव आणि लालूप्रसाद यादव यांचेही मूळ शब्दाने तेच, फक्त तिकडे 'य' टिकला. पण जाधव म्हटल्यावर सगळे एकाच कुळीचे, असेही समजू नये. बंजारा समाजातही राठोड, पवार, चव्हाण यांच्याबरोबर जाधव आहेतच.

बंजाऱ्यांकडे आलोच आहोत, तर नाईक या शब्दाचा खरा अर्थ तिथेच पाहावा. मुखेड, किनवट, जळकोटकडच्या तांड्यांत नायक हे आडनाव नाही, पद आहे. त्याच्या जोडीला कारभारी. तंटा मिटवायचा तर नायकापुढे, होळीला लेंगी गीते म्हणत जमायचे तेही नायकाच्या दारी. आगगाडी येण्याआधी हेच लोक बैलांच्या पाठीवर मिठाच्या आणि धान्याच्या गोण्या लादून मुलूखभर फिरत. एकेका तांड्यात शेकडो बैल. आज कुठल्या वाटेने निघायचे, एवढ्या जनावरांना पाणी कुठल्या ओढ्यावर मिळेल, मुक्काम कुठे टाकायचा, वाटेत लुटारू असतील तर काय, हे सगळे नायक ठरवी. त्याचा अंदाज चुकला की बैल तहानेने पडत. 'नी' म्हणजे नेणे, हे व्याकरणाच्या पुस्तकात एका ओळीत संपते. तांड्यात त्यावर माणसांचे आणि जनावरांचे जगणे अवलंबून होते.

वसंतरावांचे घराणे मूळचे राठोड. आजोबा चतुरसिंग तांड्याचे नाईक होते, आणि पुढे घराला तेच आडनाव लागले. पुतणे सुधाकरराव १९९१ साली मुख्यमंत्री झाले तेही नाईक म्हणूनच. २०१३ साली परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाला वसंतरावांचे नाव दिले गेले. लातूरचे कृषी महाविद्यालय त्याच विद्यापीठाचे. तिथल्या मुलांच्या पदवीपत्रावर जे 'नाईक' छापून येते, तो गहुलीच्या एका तांड्यातल्या आजोबांचा हुद्दा आहे.