जुनी गाडी, जास्तीची वॉरंटी आणि एका लिंबाचा इतिहास

जुनी गाडी पसंत पडते, एक चक्कर मारून होते, घासाघीस करून भाव ठरतो, आणि सही करायच्या वेळी टेबलापलीकडचा माणूस एक कागद पुढे सरकवतो. "एक्स्टेंडेड वॉरंटी लावून देऊ का? वर्षभर टेन्शन नाही." गंमत बघा, गेला तासभर जो माणूस 'गाडी एकदम टकाटक आहे' म्हणत होता, तोच आता ती बिघडू शकते असं सांगून वेगळे पैसे मागतोय. आज बोलायचंय ते याच कागदाबद्दल. हा कागद आला कुठून, आणि त्यासाठी खिशात हात घालायचा की नाही.

वापरलेली वस्तू विकणाऱ्याला तिची खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते. हे दुखणं फार जुनं आहे. प्राचीन रोममध्ये बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांचा नियम होता: जनावर किंवा गुलाम विकताना रोग आणि खोडी आधीच सांगायच्या. (हो, माणसंही त्याच यादीत होती, हे विसरायचं नाही.) लपवलं तर सहा महिन्यांत व्यवहार मोडता येई, वर्षभरात किंमत कमी करून घेता येई. त्यासाठी वेगळे पैसे मोजायचे नव्हते, ती विकणाऱ्याची जबाबदारीच होती.

मग इंग्लंडमध्ये १६०३ साली एक भलताच खटला उभा राहिला. एका सोनाराने शंभर पौंडांना एक खडा विकला. म्हणाला, हा बेझोअर आहे. बेझोअर म्हणजे जनावराच्या पोटात तयार होणारा खडा, तो विषावर उतारा समजला जायचा. खडा निघाला भलताच. पण कोर्टाने सोनाराला सोडलं! का? तर तो 'हा बेझोअर आहे' एवढंच म्हणाला होता, 'मी याची वॉरंटी देतो' असं म्हणाला नव्हता. बोलणं वेगळं आणि हमी वेगळी. आणि एकदा हमी वेगळी काढता आली, की पुढेमागे ती वेगळी विकताही येणार, नाही का?

घोड्यांच्या बाजारात तर आजच्या कार बाजाराची रंगीत तालीमच चालायची. घोड्याचं वय दातांवरून कळतं, म्हणून काही व्यापारी म्हाताऱ्या घोड्याचे दात कोरून, डागून त्याला तरुण करायचे. मीटर मागे फिरवणं म्हणतो ना आपण, तेच. आपल्याकडे घोडा घेताना शालिहोत्र जाणणारा माणूस सोबत न्यायची पद्धत होती. तो अंगावरचे भोवरे बघून शुभ-अशुभही सांगायचा, पण पाय आणि दातही बघायचाच. आज आपण ओळखीचा मेकॅनिक नेतो.

आता येऊ अमेरिकेत, कारण गाडीची वॉरंटी आज जशी दिसते तशी तिथेच घडली.

मे १९५५, न्यू जर्सी. क्लॉस हेनिंगसन यांनी मदर्स डेच्या निमित्ताने बायको हेलनसाठी नवीकोरी प्लिमथ गाडी घेतली. दहाच दिवसांनी हेलन गाडी चालवत असताना पुढून काहीतरी तुटल्यासारखा मोठा आवाज आला, स्टिअरिंग हातात गरकन फिरलं आणि गाडी विटांच्या भिंतीवर जाऊन आदळली. मीटरवर आकडा होता ४६८ मैल. कंपनी आणि डीलरने खरेदीच्या कागदाची मागची बाजू दाखवली. तिथे बारीक अक्षरात साडेआठ इंच मजकूर होता. वॉरंटी ९० दिवस किंवा ४,००० मैल, जे आधी होईल ते. तीही फक्त खराब पार्ट बदलून देण्यापुरती. पार्ट ग्राहकाने स्वतःच्या खर्चाने कारखान्यात पाठवायचा, आणि तो खरंच खराब होता असं कंपनीचं समाधान झालं तरच ती नवा देणार. बाकी कसलीही जबाबदारी नाही.

हा मजकूर एकट्या या कंपनीचा नव्हता. गाडी उत्पादकांच्या संघटनेने तो सगळ्यांसाठी ठरवलेला होता. म्हणजे दुसऱ्या शोरूमला जाऊन चांगली अट मिळवू म्हटलं, तरी सोय नव्हती. मे १९६० मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने हेनिंगसन यांच्या बाजूने निकाल दिला. सार असं, की ग्राहकाला पर्यायच नसेल तर त्याची सही म्हणजे खुशीची संमती नव्हे. ग्राहक कायद्याच्या इतिहासातला हा मोठा निकाल.

त्याच सुमारास वारं फिरलं. वॉरंटी ही जाहिरात होऊ शकते हे कंपन्यांच्या लक्षात आलं. क्रायस्लरने १९६३ च्या गाड्यांना इंजिन-गिअरबॉक्ससाठी ५ वर्षं किंवा ५०,००० मैलांची वॉरंटी दिली. इतरांनाही स्पर्धेत उतरावं लागलं. मग दुरुस्तीचा खर्च अंगावर यायला लागल्यावर दशकाच्या शेवटी सगळ्यांनी हात आखडता घेतला. १९७५ साली अमेरिकेच्या संसदेने वॉरंटीचा कायदा केला, आणि त्यात एक महत्त्वाची रेघ मारली: वस्तूच्या किमतीतच येते ती वॉरंटी, आणि वेगळे पैसे घेऊन देतात तो 'सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट'. टेबलावर सरकवला जाणारा आपला कागद या दुसऱ्या जातीचा आहे. नाव वॉरंटी, काम विम्यासारखं. १९८५ पासून तिथल्या डीलरला जुन्या गाडीच्या काचेवर कागद लावावा लागतो, की ही गाडी वॉरंटीसह आहे की 'आहे तशी'. आपल्याकडे असा कागद काचेवर दिसत नाही. दिसतं ते 'सिंगल हँड, डॉक्टर ओनर'. डॉक्टर गाडी सांभाळून चालवतात असं गृहीत धरणारी ही आपली देशी वॉरंटी.

आणि आता लिंबू. आपल्याकडे नव्या गाडीला दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरची बांधतात. अमेरिकेत खराब निघालेल्या गाडीलाच 'लेमन' म्हणतात. जॉर्ज अकरलॉफ या तरुण प्राध्यापकाने जुन्या गाड्यांच्या बाजारावर 'लिंबांचा बाजार' अशा नावाचा निबंध लिहिला. तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला, दोघांचं म्हणणं होतं की विषय फारच क्षुल्लक आहे. अखेर १९७० मध्ये तो छापून आला आणि २००१ मध्ये त्याच कामासाठी नोबेल मिळालं. मधल्या काळात, १९६७-६८ ला, हा माणूस दिल्लीत इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये होता. निबंधात आपल्याकडच्या सावकारीचं उदाहरणही आहे.

त्याचं म्हणणं साधं आहे. चांगली-वाईट ओळखता येत नाही म्हणून गिऱ्हाईक मधला भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकत नाही, मग बाजारात उरतात लिंबं. यावरचा एक उपाय म्हणजे हमी. ज्याला गाडीची खात्री आहे तोच हमी देऊ धजेल, असा विचार पुढच्या अर्थतज्ज्ञांनी वाढवला.

पण थांबा. हा युक्तिवाद किमतीतच दिलेल्या हमीला लागू पडतो. डीलर म्हणाला, 'सहा महिने इंजिन-गिअरबॉक्स माझ्या खर्चाने', तर तो स्वतःचे पैसे लावतोय, आणि त्यातून गाडीबद्दल काहीतरी कळतं. तोच म्हणाला, 'वेगळे पंधरा हजार द्या', तर त्यातून गाडीबद्दल काहीच कळत नाही. ही वॉरंटी चांगल्या गाडीवरही विकली जाते आणि लिंबावरही. माझ्या मते निर्णयाचा पहिला धागा इथेच सापडतो: आधी फुकट हमी मागा. देत नसेल तर का देत नाही, ते विचारा.

तरीही कागद घ्यायचाच असेल, तर १९५५ चा तो बारीक मजकूर आठवा. खराबी आहे हे कोणाच्या समाधानाने ठरणार? इंजिन उघडून बघायची मजुरी कोण देणार, आणि उघडल्यावर 'हे वॉरंटीत बसत नाही' म्हणाले तर? हाच प्रश्न तेव्हा कारखान्यात पार्ट पाठवायच्या भाड्याचा होता. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बॅटरी, टायर हे झिजणारे पार्ट म्हणून सहसा बाहेरच असतात. गाडीच्या नेहमीच्या विम्यातही यांत्रिक बिघाड आणि झीज येत नाही, त्यामुळे तिथून भरून निघेल ही आशा नको. एकूण किती रुपयांपर्यंत देणार हा आकडाही बघा. पंधरा हजार भरून कमाल मर्यादा चाळीस हजार असेल, तर तेच पंधरा हजार बँकेत ठेवलेले काय वाईट?

आणि मागे उभं कोण आहे? अमेरिकेत यूएस फिडेलिस नावाची कंपनी टीव्हीवर जाहिराती करकरून असे कॉन्ट्रॅक्ट विकायची, ती २०१० मध्ये दिवाळखोरीत गेली. २०२४ मध्ये कारशील्ड आणि तिच्या भागीदार कंपनीने फसव्या जाहिरातींच्या आरोपांवरून तिथल्या सरकारी आयोगाशी एक कोटी डॉलर भरून तडजोड केली.

माझा कल सांगतो. साधी पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, पार्ट गल्लीत मिळतात, तर वॉरंटीचे पैसे आधी चांगल्या मेकॅनिककडून तपासणीला आणि उरलेले बाजूला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किंवा टर्बो डिझेल असेल, आणि एका बिघाडाने तुमचं वर्षाचं बजेट कोलमडणार असेल, तर निर्मात्या कंपनीची वॉरंटी शिल्लक आहे का आणि ती तुमच्या नावावर होते का, हे बघा. होत असेल तर ती पहिली पसंती. तिऱ्हाईत कंपनीचा कागद सगळ्यात शेवटी.

कायद्याचं म्हणाल, तर आपला माल विक्री कायदा १९३० चा. त्यात काही बाबतींत न लिहिलेली हमीही धरली जाते, पण करारात लिहून ती वगळण्याची मुभाही आहे. म्हणून 'जशी आहे तशी' हे शब्द वाचून सही करा. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत व्हावं लागतं, पण तो नियम मालकीच्या कागदांचा आहे, इंजिनाचा नाही. वॉरंटी नाकारली गेली तर २०१९ च्या ग्राहक कायद्याखाली तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आणि हेल्पलाइन आहे १९१५. तेव्हा तोंडी कबूल केलेली प्रत्येक गोष्ट सहीच्या आधी व्हॉट्सअॅपवर लिहून मागा. १६०३ च्या त्या गिऱ्हाइकाकडे ही सोय नव्हती.