विहिरीचें पाणी आणि सोमल

एखादें काम वायां गेलें कीं त्यावर हरताळ फासला असें मराठींत म्हणतात. जुने लेखनिक पोथींतलें चुकलेलें अक्षर पिवळें हरताळ लावून झांकीत, त्यावरून हा वाक्प्रचार रूढ झाला. हरताळ, मनशीळ आणि सोमल हीं तिन्हीं एकाच मूलद्रव्याचीं नात्यांतलीं रूपें. त्या मूलद्रव्याला रसायनशास्त्रांत आर्सेनिक म्हणतात. पहिल्या दोहोंना निदान रंग आहे. सोमल मात्र पांढरा, आणि पाण्यांत विरघळला कीं त्याला ना रंग, ना वास, ना चव. एवढ्यासाठींच तो विषप्रयोग करणारांचा आवडता होता. १८३६ सालीं जेम्स मार्श या इंग्रज रसायनज्ञानें जस्त व आम्ल यांच्या साहाय्यानें त्याचा माग काढण्याची रीत प्रसिद्ध केली, तेव्हां कुठें न्यायालयांना पुरावा मिळूं लागला. आज खेडोपाडीं विहिरीचें पाणी तपासण्याची जी लहान पेटी वापरतात तिच्यांतही तत्त्व तेंच आहे. पाण्यांतील आर्सेनिकाचा वायु करावयाचा, आणि रसायन लावलेल्या कागदाच्या पट्टीवर पिवळा किंवा तपकिरी डाग उमटतो कीं काय तें पाहावयाचें.

किल्लारीच्या संदर्भांत या विषाची आठवण कां व्हावी, असा प्रश्न साहजिक आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्याच पहांटे, चार वाजण्यास चार मिनिटें असतांना लातूर-उस्मानाबाद भागांत भूकंप झाला आणि दगडमातीच्या भिंतींखालीं सुमारें आठ हजार माणसें गेलीं. त्याच वर्षीं बांगलादेशांतील चांपाइनवाबगंज जिल्ह्यांत विहिरींच्या पाण्यांत आर्सेनिक असल्याचें प्रथम सिद्ध झालें. एक संकट कांहीं क्षणांत कोसळलें. दुसरें वीस वर्षें घोटाघोटानें पोटांत जात होतें. दोहोंचा एकमेकांशीं कार्यकारणसंबंध नाहीं. परंतु त्या दोन्ही मुलखांतील खेड्यांच्या पिण्याच्या पाण्याचा इतिहास बराच काळ एकाच वाटेनें चालला होता, आणि ती वाट कोठें फुटली हें पाहण्यासारखें आहे.

मराठवाड्यांतील जुनी विहीर म्हणजे खडकाशीं केलेली झटापट. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक आणि त्याखालीं अखंड पाषाण. पाणी राहतें तें मुख्यतः वरच्या सच्छिद्र थरांत व भेगांत. देवळाशेजारच्या बारवेला पायऱ्या असत. घागर घेऊन उतरणारी बाई पाण्यांत घोट्यापर्यंत उभी राही, आणि तेवढ्यानें घात होई. नारू झालेला पाय पाण्यांत बुडाला कीं फोडांतून किड्याचीं असंख्य पिल्लें सुटत. तीं गिळणारा सायक्लॉप्स नांवाचा सूक्ष्म जलजीव पाण्याबरोबर दुसऱ्याच्या पोटांत जाई, आणि वर्षभरानें त्याच्याही पायांतून दोरीसारखा किडा डोकें काढी. हें चक्र फेदचेंको या रशियन निसर्गशास्त्रज्ञानें १८७० च्या सुमारास उलगडलें. पाणी फडक्यानें गाळून घ्यावें, हें घरोघरच्या बायकांना त्यापूर्वींच ठाऊक होतें. कां, तें ठाऊक नव्हतें इतकेंच.

नारू, पटकी, हगवण. विहिरीचे शत्रु म्हणजे घाण आणि जंतु, ही समजूत अनुभवावर उभी होती आणि ती खोटीही नव्हती. उपाय त्यांतूनच ठरला. उघड्या विहिरीवरून लोकांना उठवावें व जमिनींत खोल भोंक पाडून झांकलेलें पाणी द्यावें. १९७२ च्या दुष्काळांत उथळ विहिरींनीं तळ गांठला तेव्हां या उपायाला मोठी निकड आली. हवेच्या दाबावर चालणारीं छिद्रणयंत्रें, पूर्वीं आठवडे खाणारें काम एक-दोन दिवसांत करूं लागलीं. भोंक पडे, पण पंप टिकत नसे. एका घराच्या परसांत शोभणारा ओतीव लोखंडाचा पंप साऱ्या गांवाच्या घागरींपुढें हात टेकी.

येथें मराठी मुलखानें जगाला एक वस्तु दिली, आणि ती गोष्ट फारशी कोणी सांगत नाहीं. जालना येथील स्कॉटिश मिशनच्या पाणीकामांत एक भक्कम हातपंप तयार झाला. तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील वडाळा मिशननें आपला एक केला. त्याच वळणावर सोलापुरांत पोलादी ‘सोलापूर पंप’ निघाला. युनिसेफ व भारतीय कारखानदार यांनीं तीच कल्पना घेऊन, कोइमतूरजवळ तिची कसून परीक्षा करून, १९७७-७८ च्या सुमारास ‘इंडिया मार्क टू’ पंप सिद्ध केला. पुढें तो आफ्रिकेंतील खेड्यांपर्यंत पोंचला. नारूचें उच्चाटन हें या साऱ्या खटपटीचें एक निर्विवाद फळ. १९८३-८४ मध्यें राष्ट्रीय मोहीम निघाली, बारवांच्या पायऱ्या बंद झाल्या, पाणी गाळण्याचीं फडकीं वाटलीं गेलीं. शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्यें राजस्थानांत सांपडला आणि फेब्रुवारी २००० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त ठरविला.

गंगेच्या मुखाकडेही हाच उपाय झाला. तेथें खडक फोडावा लागत नाहीं. मऊ गाळांत बांबूच्या आधारानें चार माणसें नळी खालीं सारतात आणि थोड्या वेळांत कूपनलिका उभी राहते. १९७० नंतर अशा लाखों नळ्या बसल्या. तळ्याचें पाणी पिऊन मुलें हगवणीनें दगावत, तें थांबावें हा हेतु शुद्ध होता. मग १९८० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत कलकत्त्याच्या ट्रॉपिकल मेडिसिन संस्थेंत डॉ. के. सी. साहा यांच्याकडे चोवीस परगण्यांतून निराळेच रोगी येऊं लागले. छातीवर पावसाचे थेंब उडाल्यासारखे ठिपके, तळहातांना व तळपायांना खरखरीत गांठी. महारोग समजून शेजाऱ्यांनीं दूर केलेलीं माणसें अशा रोग्यांत असत. साहांनीं तें आर्सेनिकाचें विष असल्याचें ओळखलें. आणि तें येत होतें अंगणाजवळच्या स्वच्छ, गार, झांकलेल्या नळींतून.

याहून बोंचणारी गोष्ट पुढची आहे. १९९२ मध्यें ब्रिटिश भूगर्भ-सर्वेक्षण संस्थेनें बांगलादेशांतील विहिरींचें पाणी अनेक मूलद्रव्यांसाठीं तपासलें. आर्सेनिक त्यांत नव्हतें. पुढें एका ग्रामस्थानें इंग्लंडांत दावा लावला आणि २००६ मध्यें लॉर्ड्सच्या सभागृहानें तो फेटाळला. कायद्यानें तें बरोबर असेल. परंतु ज्या कोष्टकांत आर्सेनिकाचा रकानाच नव्हता तें वाचून कोणाला पाणी निर्धोक वाटलें असेल, तर त्याला दोष कसा द्यावा? २००१ मध्यें जो व्यापक पाहणीचा अहवाल आला त्यांत दीडशें मीटरांहून उथळ नळ्यांपैकीं शेंकडा २७ नळ्यांच्या पाण्यांत लिटरमागें ५० मायक्रोग्रॅमांहून अधिक आर्सेनिक निघालें. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९३ मध्यें घातलेली मर्यादा १० ची. उलट, ज्या जुन्या उघड्या विहिरी लोकांनीं सोडून दिल्या होत्या त्यांचें पाणी बहुधा या विषापासून मुक्त ठरलें. हवा लागली म्हणजे पाण्यांतील लोहाचा गंज होतो आणि आर्सेनिक त्याला चिकटून तळाशीं बसतें. जंतूंच्या दृष्टीनें वाईट विहीर सोमलाच्या दृष्टीनें चांगली निघाली.

किल्लारीचे हातपंप या गतीला गेले नाहींत, याचें कारण जमिनींत आहे. हिमालयांतून वाहून आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाचा पातळ लेप असतो व त्यांत आर्सेनिक अडकलेलें असतें. गाळांत कुजका पालापाचोळा असला आणि प्राणवायु नसला म्हणजे तो लेप विरघळतो आणि विष पाण्यांत उतरतें. किल्लारीच्या विहिरी ज्यांत खोदल्या तो असा गाळ नव्हे. तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा थिजलेला लाव्हा. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनें तेथें ६१७ मीटर खोल छिद्र घेतलें. ३३८ मीटरांपर्यंत काळा पाषाण, मग आठ मीटर प्राचीन गाळाचा थर, आणि त्याखालीं ग्रॅनाइटवर्गी अतिप्राचीन खडक, असा तो क्रम लागला. श्रेय द्यावयाचें तर या पाषाणाला द्यावें लागेल. १९७२ मध्यें भोंकें पाडतांना सोमलाची धास्ती मराठवाड्यांतही कोणाच्या मनांत नव्हती.

खडक म्हटला कीं निर्धास्त, असेंही नाहीं. गडचिरोलीच्या सीमेपलीकडे, छत्तीसगडांतील अंबागड चौकीजवळच्या कौडीकसा येथें विहिरींच्या पाण्यांत आर्सेनिक असल्याचें १९९९ मध्यें प्रसिद्ध झालें. तेथें गंगेचा गाळ नाहीं, जुना ज्वालामुखीय खडक आहे. आणि तेथें उघड्या विहिरींतही तें सांपडलें. लातूरच्या शेजारीं नांदेड जिल्ह्यांत देगलूर, बिलोली, भोकर, किनवट या बाजूंना लाव्ह्याचें आवरण सरतें व ग्रॅनाइट वर येतो. तेथें आर्सेनिक नव्हे, तर फ्लोराइड पाण्यांत उतरतें. लिटरमागें दीड मिलिग्रॅमाच्या वर तें गेलें म्हणजे मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात, आणि प्रमाण फार वाढलें तर पुढें पाठीचा कणा ताठतो. भारतांत हा रोग प्रथम १९३७ मध्यें मद्रास इलाख्यांतील नेल्लोर जिल्ह्यांत नोंदला गेला. तुरटी व चुना घालून फ्लोराइड काढण्याची रीत नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेनें बसविली, पण तिला नांव मिळालें नलगोंड्याचें. तोही निजामाच्या राज्यांतला मराठवाड्याचा जुना सोबती. तुरटी घरोघर असते. रोज मापून टाकणारा हात मात्र लागतो, आणि अशा योजना बहुधा तेथेंच थकतात.

एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें. त्या टंचाईच्या काळांत जिल्ह्यांत आठशें ते हजार फुटांपर्यंत बोअर घेतले गेले. किल्लारीच्या छिद्रांत काळा पाषाण आणि त्याखालचा गाळ संपून ग्रॅनाइटवर्गी खडक लागला तो ३४६ मीटरांवर, म्हणजे सुमारें अकराशें पस्तीस फुटांवर.