शिमग्यातली शिवी पडद्यावर कशी आली

लोणार तालुक्यातलं सुलतानपूर घ्या नाहीतर वऱ्हाडातलं दुसरं कुठलंही गाव, शिमग्याला बोंब मारायची आणि मनसोक्त शिव्या द्यायच्या याला जुन्या पिढीत कुणाची हरकत नसे. साताऱ्याकडे, खंडाळा तालुक्यात, सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या बाया नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि हातवारे करत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. हा ‘बोरीचा बार’ बघायला परगावचे लोकही जमतात. हे ध्यानात घेतलं, की वेबमालिकांमधल्या शिव्या ऐकून ‘समाज बिघडला’ म्हणणाऱ्यांचं निदान कच्चं वाटू लागतं. शिवी लोकांच्या तोंडी होतीच, आणि सणावाराला तिला मानाची जागाही होती. पडद्यावर ती किती ऐकू येणार हे लोकांच्या जिभेपेक्षा दारावर कोण पहारा देतंय यावर ठरत आलं आहे.

हा पहारा इंग्रजांनी बसवला. 1876 च्या नाट्यप्रयोग कायद्याचा रोख मुख्यतः राजद्रोहावर होता. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर 1910 साली बंदी आली ती कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसला म्हणून. पण प्रेक्षकांची नीती बिघडवणारा प्रयोग थांबवण्याची तरतूदही त्याच कायद्यात होती. 1918 च्या कायद्याने सिनेमालाही परवानगीच्या चौकटीत आणलं. स्वातंत्र्यानंतर पहारेकरी आपले झाले, नजर मात्र पांढरपेशीच राहिली. बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावरच बंदी घातली. पुढे ती उठली, पण वगाची संहिता आधी तपासून घेण्याची अट मागे ठेवून. गंमत अशी की सुलतानपूरचा बुलढाणा जिल्हा 1956 पर्यंत नागपूरहून चालणाऱ्या सरकारकडे होता, म्हणजे खेरांचा हुकूम सुलतानपूरपर्यंत पोचतच नव्हता. तीच मराठी, तोच मऱ्हाटी माणूस, पण एका हद्दीत बतावणी गुन्हा ठरत होती आणि दुसऱ्या हद्दीत मुंबईच्या फतव्याला किंमत नव्हती.

पहारा कडक झाला की शिवी मरत नाही, वेष पालटते. ‘विच्छा माझी पुरी करा’मधून नावारूपाला आलेल्या दादा कोंडक्यांनी 1971 च्या ‘सोंगाड्या’पासून पुढे जे केलं ते हेच. दादांचं वाक्य कागदावर निर्दोष असे. अश्लील अर्थ प्रेक्षकाच्या डोक्यात तयार होई आणि कात्री हातात घेतलेल्या सेन्सॉरला नेमकं काय कापावं ते समजत नसे. अखेर 1991 मध्ये केंद्र सरकारने चित्रपट प्रमाणनाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये द्व्यर्थी शब्दांसाठी वेगळं कलमच घातलं. नाटककार तेंडुलकरांनी दुसरी वाट धरली. 1972 च्या ‘सखाराम बाइंडर’मधला सखाराम उघड शिवराळ बोलतो, कारण तो तसाच माणूस आहे. नाटकांच्या संहिता तपासणारं परिनिरीक्षण मंडळ आडवं आलं, दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. ‘बँडिट क्वीन’च्या खटल्यात 1996 साली सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं, की चित्रपटातल्या शिव्या गावोगावच्या रस्त्यांवर रोज ऐकू येतात आणि सिनेमात ऐकून कुणी प्रौढ माणूस शिव्या द्यायला लागणार नाही. तरी 2015 मध्ये प्रमाणन मंडळाच्या अध्यक्षांनी वर्ज्य शब्दांची यादी फिरवलीच. न्यायालयाला पटलेली गोष्ट टेबलावरच्या अधिकाऱ्याला पटायला वेळ लागतो.

मग 2018 च्या जुलैत नेटफ्लिक्सवर ‘सेक्रेड गेम्स’ आली आणि त्यातल्या गुंड गणेश गायतोंडेच्या तोंडून शिव्यांचा पाऊस पडला. सिनेमागृहासाठी प्रमाणपत्र लागतं, दूरचित्रवाणीला केबल कायद्याची कार्यक्रम संहिता आहे. इंटरनेटवरून येणाऱ्या मालिकांसाठी तेव्हा यातलं काहीच नव्हतं. ‘सेक्रेड गेम्स’मध्ये काटेकर साकारणाऱ्या जितेंद्र जोशींसारखे नट मराठी वाहिन्यांवरही काम करतात, आणि तिथल्या मालिकेत सासू सुनेचा कितीही छळ करो, तिच्या तोंडी शिवी येत नाही. माणसं तीच, वर्ष तेच, फरक फक्त दाराचा. अमेरिकेतही हेच घडलं. हॉलिवूडची 1934 पासून काटेकोर पाळली गेलेली आचारसंहिता 1968 मध्ये गेली आणि पडद्यावरची भाषा झपाट्याने सैल झाली; खुल्या लहरींवरच्या वाहिन्या मात्र जपून बोलत राहिल्या, कारण त्यांच्यावर सरकारी आयोगाची नजर होती, पैसे भरून पाहायच्या केबलवर नव्हती.

यावर पहिला आक्षेप असा, की दार उघडं असलं म्हणून आत घुसलंच पाहिजे असं नाही. लेखक शिवी आळसापोटी वापरतात. हे बऱ्याच अंशी खरं आहे. ‘आम्ही टीव्हीसारखे नाही’ हे दाखवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग शिवीचा होता, आणि नव्या कंपन्यांना तेच दाखवायचं होतं. सखारामची शिवी त्याचा स्वभाव सांगते. आजच्या मालिकांतली निम्मी शिवी स्वल्पविरामाच्या जागी येते. पण ही तक्रार कसबाची आहे, नीतीची नव्हे, आणि कसब कायद्याने येत नाही. महाविद्यालयीन मुलांवरच्या ‘कॉलेज रोमान्स’ मालिकेच्या प्रकरणात 2024 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने असाच भेद केला: शिवराळपणा आणि अश्लीलता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. शिमग्याची शिवी धुळवडीबरोबर संपे, बोरीचा बार ओढ्यावरच राहतो. पडद्याची शिवी बारा महिने घरात. 2021 च्या नियमांनी मालिकांना वयाच्या पाट्या लावल्या, पण एकाच मोबाइलवर आजोबा कीर्तन ऐकतात आणि नातू मालिका बघतो तिथे पाटीचा उपयोग बेताचाच. त्याहून मोठा फरक मला वेगळा दिसतो. बोरीत शिवी देणाऱ्याही बायका आणि घेणाऱ्याही बायकाच, वर्षातून एक दिवस कुणाचीही भीड न ठेवता. पडद्यावरच्या शिव्या आई-बहिणीच्या नावाने दिल्या जातात आणि त्या बहुतेक पुरुष पुरुषांना देतात. जिचं नाव घेतलं जातं ती त्या दृश्यात नसतेही. वर्ज्य शब्दांच्या याद्या करणाऱ्या मंडळांनी ही बाजू मोजल्याचं मला दिसलं नाही.