चवदार तळे, हायडेलबर्ग आणि पोहण्याचा हक्क



२० मार्चला चवदार तळ्यावर आपण ओंजळीतल्या पाण्याबद्दल बोलतो. पोहण्याबद्दल आमच्या व्याख्यानांत एक शब्दही येत नाही. ज्याच्या स्पर्शाने पाणी बाटते, तो पोहायला शिकणार कुठे?

क्रम आठवा. १९२३ साली बोले ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले, आणि तरी १९२७ साली बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. मारहाण झाली. नंतर १०८ घागरी पंचगव्य ओतून सनातन्यांनी तळे 'शुद्ध' करून घेतले. त्याच ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल आला १९३७ साली. एका ओंजळीसाठी दहा वर्षे!

आणि हे फक्त इथलेच नाही. जून १९६४ मध्ये फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन गावी काळे-गोरे आंदोलक एका मोटेलच्या तलावात एकत्र उतरले, तेव्हा मालकाने पाण्यात ॲसिड ओतले. आपल्याकडे गोमूत्र, तिकडे ॲसिड, मानसिकता एकच.

आता मुरलीकांत पेटकर यांच्याकडे येऊ. त्यांची जात कोणती, हा प्रश्न आमच्या बैठकीतही लगेच येतो. आम्ही तो इथे बाजूला ठेवतो, कारण त्यांना बाहेर ठेवणारी भिंत वेगळी होती. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा मुलगा लष्कराच्या ईएमई दलात गेला, बॉक्सिंग खेळला. १९६५ च्या युद्धात अंगात गोळ्या घुसल्या, एक मणक्यात अडकली, कमरेखालचे शरीर निकामी झाले. उपचार म्हणून पोहणे सुरू झाले. १९६८ च्या तेल अवीव पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले, १९७० साली एडिनबर्गला पोहण्यात सुवर्ण मिळवले. १९७२, हायडेलबर्ग : ५० मीटर फ्रीस्टाइल, ३७.३३ सेकंद. भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण! प्रवासखर्चासाठी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने हात दिला होता. म्हणजे देशासाठी गोळ्या खाल्लेल्या सैनिकाला देशासाठी पोहायला कुणाच्या तरी उदारतेवर जावे लागले. आम्हाला हे उपकाराच्या गोष्टीसारखे सांगायला आवडत नाही.

पुढे पुण्यात टेल्कोत नोकरी. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, सुवर्णानंतर ४६ वर्षांनी. चित्रपट आला २०२४ मध्ये. जीवनगौरव अर्जुन पुरस्कार हाती पडला जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. कुणी म्हणेल, उशिरा का होईना मिळाले ना? आम्ही विचारतो, दरम्यानच्या काळात किती दिव्यांग पोरांना त्यांचे नावच कळले नाही, त्याचा हिशेब कोण देणार?

हे सगळे महाड-पोलादपूरच्या कार्यकर्त्यांना का सांगतोय? जुलै २०२१ आठवा. सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले, तळियेवर दरड कोसळली, पोलादपुरातही माणसे गाडली गेली. त्या दिवसांत शहरात पोहणारी माणसे शोधावी लागत होती. आमच्या वस्त्यांत बायका तर जवळजवळ कुणीच पोहत नाहीत. पुढच्या २० मार्चला जयंती-मंडळांच्या वर्गणीतून एक प्रशिक्षक आणि सुरक्षित पाण्याची जागा मिळवायची, मुलींची तुकडी आधी, असे आम्ही ठरवले आहे. तळ्याकाठच्या भाषणाला वेळ थोडा कमी पडला तरी चालेल.