कलेक्शनमधून अॅरेकडे

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये अनेक घटक एकत्र ठेवण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. अॅरेची लांबी तो तयार होतानाच निश्चित होते. कलेक्शन मात्र गरजेनुसार वाढते वा आक्रसते. अनेक मेथड्स केवळ अॅरेच स्वीकारतात. अशा वेळी कलेक्शनमधील घटक अॅरेमध्ये उतरवून घ्यावे लागतात.

जावा भाषेत ही सोय १९९८ मध्ये १.२ या आवृत्तीतील कलेक्शन्स फ्रेमवर्कबरोबर आली. जोशुआ ब्लॉक हे या रचनेचे शिल्पकार. त्यातील 'टू-अॅरे' या मेथडचे मूळ रूप 'ऑब्जेक्ट' या सर्वसाधारण प्रकाराचा अॅरे परत करते. यादीत केवळ नावे असली, तरी या अॅरेला 'स्ट्रिंग'चा अॅरे मानता येत नाही. तसे केल्यास कंपायलर तक्रार करीत नाही. प्रोग्रॅम चालू असताना मात्र चूक उघड होते.

यावर उपाय म्हणजे हव्या त्या प्रकारचा अॅरे मेथडच्या हाती देणे. जागा पुरेशी असेल तर तोच भरला जातो. अपुरी असेल तर त्याच प्रकारचा नवा अॅरे तयार होतो. दहा जागांच्या अॅरेत सात घटक भरले, तर आठव्या जागी 'नल' येते. नवव्या आणि दहाव्या जागेवरील जुना मजकूर तसाच राहतो. दुसरा थ्रेड त्याच वेळी घटक काढून टाकत असेल, तर आधी मोजलेली लांबी चुकीची ठरून अनपेक्षित 'नल' हाती येऊ शकते. शून्य लांबीचा अॅरे दिल्यास हा धोका टळतो. २०१८ मधील अकराव्या आवृत्तीपासून अॅरे निर्माण करणारे फंक्शनही देता येते.

सी-शार्पमधील 'कॉपी-टू' मेथड ठरावीक जागेपासून घटक भरते. जागा अपुरी पडल्यास नवा अॅरे न देता चूक दर्शवते.

सर्वाधिक फसगत होते ती वेगळ्याच ठिकाणी. नक्कल होते ती केवळ संदर्भांची, ऑब्जेक्ट्सची नव्हे. अॅरेमधील एखादे खाते बदलून तेथे दुसरे ठेवले, तर मूळ यादी अबाधित राहते. परंतु त्याच खात्यातील शिल्लक बदलली, तर तो बदल यादीतही दिसतो. मूळ माहिती सुरक्षित राखायची असेल, तर प्रत्येक ऑब्जेक्टची स्वतंत्र प्रत करणे अपरिहार्य ठरते.