बॅलास्ट टाकीतून

तुम्ही सरपटत आत शिरता. मॅनहोल अरुंद आहे, खांदे तिरपे केल्याशिवाय जमत नाही. बाहेर १९०८ सालची मुंबई, मेरवेदर सुकी गोदी, त्यात टेकवलेली पोलादी आगबोट. आत तिच्या दुहेरी तळातला काळोख, तेलाच्या दिव्याचा धूर आणि हातोड्यांचा कानठळ्या बसवणारा आवाज. रत्नागिरीकडचे खलाशी उकिडवे बसून गंज झोडताहेत. पापुद्रे सुटतात, डोळ्यांत जातात, दातांखाली कचकचतात.

"कोपरा सोडू नको हां," टंडेल एका पोराला दटावतो.

"हात पोचत नाय, चाचा."

"मग पोराला कशाला आत घातलाय? घुस."

खरवडलेल्या पत्र्यावर शेंदूर चढतो. देवळातल्या मारुतीला लावतात तोच, शिशाचा, इथे जवसाच्या तेलात घोटलेला. शिसं अंगात भिनतं, पण त्याबद्दल इथे कुणी बोलत नाही. अगदी तळाला, जिथे घाण पाणी साचून राहतं, तिथे सिमेंट ओततात. सिमेंटचा स्वभाव क्षारीय, त्यामुळे त्याच्याखालचं पोलाद गंजायचं थांबतं. थराला तडा गेला मात्र की खारं पाणी खाली उतरतं आणि वरून वर्षानुवर्षं काही कळत नाही.

पुढच्या भोकातून डोकं घालता तर बाहेर १८२४ साल. इंग्लंडची गोदी, समोर 'समरंग'. ही युद्धनौका लाकडी आहे, कोचीनला बांधलेली, तळावर तांब्याचे पत्रे. सर हम्फ्री डेव्ही त्या तांब्याला बिडाचे तुकडे जोडायला सांगतो. समुद्राच्या पाण्यात दोन धातू एकमेकांना चिकटले की त्यातला हलका गडी आधी झिजतो आणि दुसरा वाचतो, एवढंच त्याचं म्हणणं. तांबं खरंच वाचतं. पण विरघळणारं तांबंच शेवाळ आणि कालवं दूर ठेवत होतं. ते विरघळायचं थांबल्यावर जहाजांच्या तळाशी रान माजतं आणि नौदल ही युक्ती गुंडाळून ठेवतं. कल्पनेचा मात्र पराभव होत नाही. आज जहाजांच्या टाक्यांत जस्ताच्या वड्या टांगतात, त्या डेव्हीच्याच.

त्या वड्यांचा भरवसा कुठवर, हे पाहायला डिसेंबर १९९९ मध्ये उतरा. फ्रान्सच्या किनाऱ्यापलीकडे वादळ चालू आहे आणि तुम्ही 'एरिका' या तेलवाहू जहाजाच्या बॅलास्ट टाकीत, म्हणजे रिकामं जहाज स्थिर राहावं म्हणून पाणी भरतात त्या टाकीत, आहात. जहाज १९७५ सालचं, जपानमध्ये बांधलेलं. आत फार थांबू नका. बंद टाकीत गंज हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो. त्याचा वास नाही, सूचना नाही. मीटर न लावता शिडी उतरलेला माणूस खाली पोचण्याआधी कोसळू शकतो.

टाकी पाण्याने भरलेली असते तेव्हा पोलाद तसं सुरक्षित, कारण जस्ताला काम करायला पाणी लागतं. पण जहाजात माल असला की बॅलास्टचं पाणी उपसून टाकतात. मग भिंतींवर मिठाचा ओला थर राहतो, पलीकडच्या टाकीत पातळ राहावं म्हणून तापवलेलं जड तेल, वर दमट हवा. जस्ताची वडी नुसती लटकत राहते. समुद्राने बाहेरून जितकं खाल्लं नसतं तितकं हा रिकामा ओलावा आतून खातो. माझ्या मते जहाजाच्या बाहेरच्या रंगावर होणारी चर्चा थोडी कमी करून ती या टाक्यांवर करायला हवी होती, फार आधी.

१२ डिसेंबरला 'एरिका' ब्रिटनीजवळ दोन तुकडे होऊन मोडली. चौकशीत बोट गंजलेल्या बॅलास्ट टाकीकडे वळलं. सगळे २६ खलाशी भारतीय होते; हेलिकॉप्टरांनी सगळ्यांना उचललं. सुमारे २०,००० टन तेल समुद्रात गेलं.

डिसेंबर २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने बॅलास्ट टाकीच्या रंगाचा नियम बांधला: १५ वर्षं टिकेल असा थर, साधारण ३२० मायक्रॉन, आणि रंग फिकट. फिकट का? शेंदराच्या लालीत गंज लपायचा. पत्र्याची तीक्ष्ण धार घासून गोल करायची, कारण धारेवर रंग ओढला जाऊन पातळ होतो. टंडेलाचा कोपरा शंभर वर्षांनी नियमात आला.

आता शेवटचं भोक. जुलै २०१२, कोकण किनाऱ्यावरची एक गोदी, बाहेर मुसळधार पाऊस. नियम म्हणतो हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर नको, म्हणून टाकीत जाडजूड नळ्यांतून कोरडी हवा सोडली आहे. निरीक्षक पत्र्यावर छोटी चिकटपट्टी लावतो, तिच्यात शुद्ध पाणी सोडतो, मीटरला जोडतो.

"चौसष्ट. पन्नासच्या आत हवं."

"साहेब, आरशासारखा पत्रा आहे. मीठ कुठे दिसतंय?" फोरमन कपाळ पुसतो.

"दर चौरस मीटरला पन्नास मिलिग्रॅम. तेवढं डोळ्यांना नाही दिसत. धुवा."

"धुतलं की तासाभरात लाली चढणार. मग परत ब्लास्टिंग. परवा रंगाची माणसं येतायत."

"त्यांना आजच फोन करा."

फोरमन तुमच्याकडे बघतो. तुम्ही मॅनहोलजवळ आहात, म्हणजे होज आत ओढायचं काम तुमचं.